वरची पायरी केव्हा चढावी?



आज मी आपल्याशी एका खेळण्याबद्दल बोलणार आहे. खेळणे म्हटल्याबरोबर काही जण रेडिओचा कान पिळायला उठतील. त्यांना माझी विनंती आहे की, पाच-दहा मिनिटे दम धरावा. मी पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. त्या पस्तीस वर्षांत जी एक चूक मी शेकडो वेळा केली आणि जी मला कधी चूक वाटलीच नाही, ती या खेळण्याने निवृत्तीनंतर माझ्या पदरात घातली. तेव्हा विषय खेळण्याचा असला तरी गोष्ट शिकण्या-शिकवण्याची आहे.

खेळणे म्हणजे रंगीत घन. मुले त्याला क्यूब म्हणतात. बुडापेस्टचे एर्नो रुबिक यांनी तो १९७४ साली तयार केला आणि १९८० पासून तो जगभर गेला. त्याच्या प्रत्येक बाजूला तीन गुणिले तीन असे नऊ चौकोन. रंग विस्कटायचे आणि पुन्हा जुळवायचे, एवढाच खेळ. पण विस्कटण्याचे प्रकार मोजायला गेलात तर वीस अंकी संख्या येते. १९८२ साली बुडापेस्टलाच पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती जिंकणाऱ्या मिन्ह थाय या तरुणाला २२.९५ सेकंद लागले. आज आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या स्पर्धांतून शाळकरी पोरे त्याहून कमी वेळात घन खाली ठेवतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

या तीनच्या घनाची मोठी भावंडे आहेत. चारचा घन पेतेर शेबेश्तेन यांनी काढला, पाचचा उडो क्रेल यांनी, आणि सहाचे व सातचे घन ग्रीसच्या व्हर्डेस यांनी २००८ साली बाजारात आणले. मुले 'फोर बाय फोर', 'फाइव्ह बाय फाइव्ह' म्हणतात. मी आपला चारचा, पाचचा म्हणतो. चारच्या घनाचे प्रकार मोजायचे तर सेहेचाळीस अंक लागतात, पाचच्याला पंचाहत्तर. आकडे ऐकून छाती दडपते खरी, पण त्या दडपणाला फारसा अर्थ नाही. कारण मोठा घन सोडवायची साधी रीत अशी आहे की, त्याला आधी तीनच्या घनासारखा करून घ्यायचा आणि मग तीनचा सोडवतो तसा सोडवायचा. गणितातही आपण हेच करतो की! अपरिचित उदाहरण परिचित उदाहरणाच्या रूपात आणायचे, म्हणजे निम्मे काम झाले.

ही साधी रीत जरा उकलून सांगतो. चारच्या घनात छप्पन्न तुकडे असतात. आठ कोपरे, चोवीस कडेचे आणि चोवीस मधले. प्रत्येक बाजूच्या मधल्या चार तुकड्यांचा रंग आधी एक करायचा. ही झाली सहा मधली. मग कडेचे तुकडे दोन-दोन करून जोडायचे. या झाल्या बारा कडा. आता दोन-दोन तुकडे एकत्र हलू लागले, चार-चार मधले एकत्र राहू लागले, म्हणजे आपल्या हातात तीनचाच घन आला. तो सोडवला की काम फत्ते.

यावरची पायरी म्हणजे याऊ पद्धत. रॉबर्ट याऊ नावाच्या खेळाडूने ती २००९च्या सुमारास मांडली म्हणून तिला त्याचे नाव. तीत तुकडे तेच, फिरवणे तेच, फक्त कामाचा क्रम बदलतो. समोरासमोरची दोनच मधली आधी करायची, समजा पांढरे आणि पिवळे. मग उरलेल्या चार मधल्यांकडे न वळता पांढऱ्याच्या तीन कडा जुळवून पांढऱ्याभोवती बसवून टाकायच्या. चौथी जागा मुद्दाम मोकळी ठेवायची. ती मोकळी जागा वर आणली की वरचा थर वाटेल तसा फिरवता येतो आणि बसवलेल्या तीन कडांना धक्का लागत नाही. अशा रीतीने उरलेली चार मधली पुरी करायची, मग चौथी कड बसवायची. आता पांढरी फुली तयार आहे आणि शोधायला बाराऐवजी आठच कडा उरल्या आहेत. शोधाशोध कमी, आणि पुढे तीनच्या घनाचे काम सुरू होते तेव्हा त्यातली पहिली पायरी आधीच झालेली. वेळ वाचतो तो इथे.

प्रश्न असा की, ही वरची पायरी चढायची केव्हा?

दोन मुलांची हकीकत सांगतो. एक आमच्या शेजारचा, पाचवीतला. त्याला वाढदिवसाला चारचा घन मिळाला. कुणी थोरल्या मुलाने सांगितले की, "खरे खेळाडू याऊच वापरतात." झाले! पोराने साधी रीत बाजूला ठेवली आणि पहिल्याच आठवड्यात वहीत याऊचा क्रम लिहून काढला. वही पाठ, पण हात कोरे. तीन कडा बसवून चार मधल्यांना हात घातला की कुठली तरी कड निसटायची. ती का निसटली ते कळायचे नाही, तेव्हा सगळे मोडून पुन्हा आरंभ. तीन आठवडे त्याने इमाने-इतबारे हे केले. चौथ्या आठवड्यात तो घन त्यांच्या शोकेसमध्ये जाऊन बसला, तो आजतागायत तिथेच आहे. त्याची आई म्हणते, "त्याला त्याची आवड नाही हो." आवड नाही कशी? तीन आठवडे हरत राहून बसला होता पोरगा!

दुसरी हकीकत माझ्या नातीची, म्हणजे खरे तर माझी. ती तेव्हा सहावीत होती. तीनचा घन तिने माझ्याकडून उचलला आणि दोन महिन्यांत मला मागे टाकले. मग चारचा आणला. साध्या रीतीने ती तो दोन-सव्वादोन मिनिटांत सोडवू लागली. अडकत नसे, चुकली तर आपली आपण सावरत असे. एक दिवस तिने विचारले, "आजोबा, मी आता याऊ शिकू का?"

मी काय उत्तर दिले असेल? पस्तीस वर्षांच्या मास्तरकीला शोभेल असेच. "घाई नको. आधी याच रीतीने एका मिनिटाच्या आत ये, मग बघू."

मुलगी आज्ञाधारक. रोज शाळेतून आली की घड्याळ लावून बसायची. दोन मिनिटांची पावणेदोन झाली आणि तिथे गाडी थांबली. तीन महिने गेले, पाच गेले. पुढे एका रविवारी आम्ही एसटीने साताऱ्याहून पुण्याला स्पर्धेला गेलो. चारच्या घनाला पाच प्रयत्न असतात. पण संयोजकांनी मर्यादा ठेवलेली असते. पहिल्या दोन प्रयत्नांत त्या वेळेच्या आत आलात तरच पुढचे तीन मिळतात. त्या दिवशी मर्यादा होती दीड मिनिटाची. नातीचे दोन्ही प्रयत्न तिच्या वर गेले. ती उठली, घन डब्यात ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. शेजारच्या टेबलावर तिच्याहून लहान एक मुलगा याऊने सोडवत होता. त्याचे हात तिच्याहून काही जलद नव्हते, हे मला लांबूनही दिसत होते. पण तो मर्यादेच्या आत आला आणि त्याला पुढचे तीन मिळाले.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. शिरवळ मागे पडल्यावर म्हणाली, "आजोबा, तुम्ही मला नाही का म्हणालात?"

मी काहीबाही सांगणार होतो. पाया पक्का हवा, वगैरे. पण गाडीत अंधार होता आणि अंधारात खोटे बोलणे मला जड गेले. मी म्हणालो, "अगं, मलाच ती येत नाही." खरे कारण तेवढेच होते. मिनिटाची अट मी त्याच्यावर घातलेले पांघरूण होते. मग रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या वर्गातली कितीतरी पोरे मला आठवली. "हे पुढच्या वर्षी", "हे तुला आत्ता कशाला?" असे सांगून मी गप्प बसवलेली. त्यांतल्या कितींच्या बाबतीत ते खरेच लवकर होते आणि कितींच्या बाबतीत मला त्रास नको होता, याचा हिशेब आता कोण देणार?

असो. आम्ही दोघे मिळून याऊ शिकलो. आणि इथे एक गोष्ट ऐकणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. पद्धत बदलली की वेळ आधी बिघडतो. नातीची पावणेदोन मिनिटे पहिल्या आठवड्यात अडीचवर गेली. कारण हाताला सवय सहा मधली एकदम करण्याची. दोन झाली की हात आपोआप तिसऱ्याकडे जाई. शिकण्याहून विसरणे कठीण होते, आणि पाच महिन्यांच्या रोजच्या सरावाने ती सवय मीच घट्ट करून ठेवली होती. दोनदा ती रडली. पाचव्या आठवड्यात ती जुन्या वेळेला आली, मग तिच्या खाली उतरली आणि पुन्हा वर गेली नाही.

आता या दोन हकीकतींतून उत्तर काढू. शेजारच्या मुलाला फार लवकर झाले, माझ्या नातीला फार उशीर. मग योग्य वेळ कोणती? माझे मत असे की, ती घड्याळात शोधू नये, हातात शोधावी. मी आता मुलांना चार प्रश्न विचारतो. पहिला, सहा मधली रंगांच्या योग्य क्रमाने, कागद न बघता लावता येतात का? चारच्या घनाला मधोमध स्थिर तुकडा नसतो. पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा, लालसमोर नारिंगी हा मेळ आपल्याच डोक्यात असावा लागतो. दुसरा, कडेचे दोन तुकडे जोडताना मधली का बिघडतात आणि परत कशी येतात, हे बोलून दाखवता येते का? तिसरा, मध्येच चूक झाली तर सगळे न मोडता सावरता येते का? आणि चौथा, शेवटी जो अडेल प्रसंग येतो, ज्याला मुले पॅरिटी म्हणतात, तो निस्तरता येतो का?

या चौथ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुष्कळांना इथे घन बिघडला असे वाटते. तीनच्या घनावर एकच कड उलटी राहिली आहे, असे कधी होऊ शकत नाही. चारच्यावर होते. आतला एक थर पाव फेरा फिरवला की कडेचे चार तुकडे एका साखळीत जागा बदलतात. अशा साखळ्या विषम वेळा झाल्या असतील तर कडा जुळलेल्या दिसतात, पण एक जोडी उलटी राहते. हे दोनांतून एकदा व्हायचेच. दोन जोड्यांची अदलाबदल राहणे हा दुसरा प्रकार, तोही दोनांतून एकदा. म्हणजे दोन्ही टळणे चारांतून एकदाच. पहिल्यासाठी जे फिरवण्याचे सूत्र सर्रास वापरतात ते सतरा पायऱ्यांचे आहे, दुसऱ्याचे बरेच आखूड. ही दोन सूत्रे मात्र आरंभीच पाठ हवीत. याऊ शिकलात म्हणून ती टळत नाहीत.

चारही प्रश्नांना 'होय' आले की त्याच दिवशी याऊ सुरू करावी. वेळ दोन मिनिटे लागतो की चार, हे विचारू नये. आणि एकाही प्रश्नाला 'नाही' आले तर वेळ कितीही कमी असो, आठ दिवस थांबून तेवढे एक पक्के करावे. पाचच्या घनालाही हीच कसोटी लागू आहे. तिथे मधोमध स्थिर तुकडा असल्याने रंगांचा क्रम सोपा जातो आणि पॅरिटी एकाच प्रकारची येते.

आता दुसऱ्या प्रकारच्या 'वरच्या' शिक्षणाकडे वळू, कारण मुले आणि त्यांचे पालक या दोहोंत गल्लत करतात. तीनच्या घनाचा शेवटचा थर पंधरा-सोळा सूत्रांत चार टप्प्यांनी लावता येतो. तोच दोन टप्प्यांत लावायचा तर एका टप्प्याची सत्तावन्न आणि दुसऱ्याची एकवीस, अशी अठ्ठ्याहत्तर सूत्रे पाठ करावी लागतात. मोठ्या घनांसाठी ती केव्हा करावीत? माझे उत्तर, पुष्कळ उशिरा. हिशेब सरळ आहे. त्या पाठांतराने समजा चार सेकंद वाचले. तीनचा घन वीस सेकंदांत सोडवणाऱ्याला चार सेकंद म्हणजे पाचवा हिस्सा. चारचा घन दोन मिनिटांत सोडवणाऱ्याला तेच चार सेकंद म्हणजे तिसावा हिस्सा. त्याचे चाळीस सेकंद कडा शोधण्यात जात असताना त्याने अठ्ठ्याहत्तर सूत्रांच्या मागे लागणे म्हणजे माठ गळत असताना भांडे घासत बसण्यासारखे आहे. माझ्या लहानपणी आम्हांला पावकी, निमकी, दिडकी पाठ होत्या. बाजारात त्यांचा उपयोग होई. पण ज्याला बेरीजच धड येत नसे, त्याला दिडकी येऊन काय उपयोग?

घन मोठा होत जातो तसे हे आणखी स्पष्ट होते. सातच्या घनात दोनशे अठरा तुकडे. त्यांतले दीडशे मधले. म्हणजे काम मुख्यतः मधल्यांचे. म्हणूनच सहाच्या आणि सातच्या घनावर चांगले चांगले खेळाडूही बहुधा साधी रीतच वापरतात. आधी सगळी मधली, मग कडा, मग तीनसारखे. तिथे वरची पायरी म्हणजे नवी पद्धत नव्हे. हात एक तुकडा बसवीत असताना डोळ्यांनी पुढचा तुकडा हेरणे, ही तिथली वरची पायरी. आणि ती पाठ करता येत नाही. त्यासाठी मुद्दाम सावकाश फिरवावे लागते, न थांबता पण सावकाश. तबल्याचे गुरुजी विलंबित लयीत बोल घोटून घेतात, तशातलाच हा प्रकार.

मग आपल्याला नेमके काय शिकायचे आहे हे कळायचे कसे? एक वही घ्यावी. दहा वेळा घन सोडवावा आणि प्रत्येक वेळी तीन आकडे लिहावेत. मधल्यांना किती वेळ, कडांना किती, शेवटच्या तीनच्या कामाला किती. कुणी शेजारी घड्याळ घेऊन बसला तर उत्तम. आजी-आजोबांना हे काम छान जमते. दहा ओळी झाल्या की कुणाला विचारायला नको. जिथे वेळ जातो आहे तिथलेच पुढचे शिकावे. माझ्या नातीच्या वहीत निम्मा वेळ कडांचा निघाला होता. ही वही आम्ही पाच महिने आधी केली असती, तर तिने मला प्रश्न विचारायची गरजच नव्हती आणि मला चुकीचे उत्तर द्यायची संधीही मिळाली नसती.

पालकांना आणि माझ्या शिक्षकबंधूंना आता शेवटचे सांगतो. मूल वरची पायरी मागते तेव्हा 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी त्याच्या हातांकडे पाच मिनिटे बघा. ते चुकल्यावर सावरते का, आणि आपण काय करतो आहोत हे त्याला सांगता येते का, तेवढे बघा. येत असेल तर वाट सोडा. आणि जे मागितले आहे ते आपल्यालाच येत नसेल, तर तसे सांगा. मी एसटीत उशिरा सांगितले, पण सांगितल्यावर आमची दोघांची शिकवणी सुरू झाली. तिला आता दीड मिनिटाच्या आत कितीतरी खाली वेळ लागतो. मला अजून तीन मिनिटे लागतात, आणि मी मध्येच अडकलो की ती म्हणते, "आजोबा, घाई नको."

आणि हो, शेजारच्या त्या मुलाचा घन गेल्या रविवारी मी शोकेसमधून मागून घेतला आहे. येत्या रविवारी तो आमच्याकडे येणार आहे. साध्या रीतीपासून सुरुवात करणार आहोत.